जिनास कसलं सुतक

अक्का,

तू जिंकलीस असं समजू नकोस. भांडण संपलेलं नाही, तू मध्येच उठून गेलीस एवढंच. तुझी ती जुनीच सवय. मुद्दा अंगाशी आला की "थांब, कॉफी ठेवतें" म्हणून तू आत जायचीस आणि थोड्या वेळाने पितळेचा पेला-डबरा माझ्यापुढे ठेवून भलताच विषय काढायचीस. त्या कॉफीच्या वासात पुष्कळदा लिंबाचा वास मिसळलेला असे. "कॉफीत लिंबू पिळलंस काय?" मी विचारायचो. "लोणचें घातलें, हातास वास राहिला," तू म्हणायचीस. मी डबऱ्यात कॉफी ओतून थंड करत बसायचो, आणि मुद्दा तिथेच राहायचा.

या वेळी कॉफीही ठेवली नाहीस.

हे मी पुस्तकी मराठीत लिहितो आहे, ते तुला आवडणार नाही. घरात आपण बोलायचो ती मराठी मला लिहिता येत नाही; ती कानांची आणि भांडणाची भाषा होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, तिकडून महाराष्ट्रातून मागवलेल्या पुस्तकांतून ही दुसरी मराठी शिकलो, आणि ती चुकून तोंडात आली की तू पदर तोंडाला लावून हसायचीस. "शामा, तूं असा बोलूं लागलास की मज वाटतें दारीं कोणी पंतोजी आला." आता कुंभकोणमात माझ्याशी कुठल्याही मराठीत भांडणारं कोणी उरलेलं नाही. सकाळी दूधवाल्याशी तमिळ, दुपारी औषधाच्या दुकानात तमिळ, संध्याकाळी घरी गप्प. म्हणून लिहितो.

तुझ्या मागच्या पडवीत, जिथे बसून तू तांदूळ निवडायचीस त्या बाकावर, जीन पडलं आहे. रोज सकाळी मी कुलूप काढून येतो, बाह्या सारतो, त्याच्यासमोर बसतो आणि चिडतो. कधी त्याच्यावर, कधी तुझ्यावर, कधी पणजोबांवर, की त्यांनी घोड्याबरोबर हेही का विकून टाकलं नाही.

पणजोबांचं जीन. पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "राजांच्या फौजेतलं का हो?" आणि तू शांतपणे सांगायचीस, "नाही. शेतसाऱ्याच्या वसुलींतलें." पाहुण्याचा चेहरा उतरायचा. तुला त्यात फार गंमत वाटे. पणजोबा महसुलात होते. पापनाशमपासून आडुतुरैपर्यंत गावोगाव घोड्यावरून हिंडून भाताचं पीक पाहायचे. तलवार त्यांनी कधी धरली नाही. या जिनावर बसून त्यांनी फार तर एखाद्या कुळाच्या दारात ताक प्यालं असेल.

आणि बाबांनी ते तुला दिलं. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीला माहेरचं जीन! मला पुस्तकांची कपाटं दिली. कारण काय, तर "शामा तें कांचेच्या पेटींत ठेवील. अक्का त्याचें कांहीं तरी करील." बाबांचं ते "कांहीं तरी" मला आजही कळलेलं नाही. तू मात्र केलंस. दर वर्षी केलंस. खंडेनवमीला, नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्यांच्या सगळ्यांत खालच्या पायरीपुढे पाट मांडून त्यावर जीन ठेवायचीस. आधी चंदनाचं गंध, मग ओली हळद, मग कुंकू, आणि शेवटी वाटीत घेतलेलं तिळाचं तेल, तळव्याने, बैठकीपासून दोन्ही बाजूंच्या पदरांपर्यंत. लहान मुलाला न्हाऊ घालताना चोळतात तसं.

"जिनास तहान लागते रे," असं म्हणायचीस.

मी वाचलेलं तुला सांगत राहिलो. तिळाचं तेल चामड्यात शिरतं पण तिथे तेल म्हणून राहत नाही, घट्ट होतं, चिकट होतं, धूळ धरतं. गंधाचं पाणी आत मुरतं. आपल्याकडची कावेरीकाठची दमट हवा. बुरशीला यापेक्षा चांगलं घर कुठलं? शिवणीचा दोरा कुजतो. तू ऐकून घ्यायचीस. मान हलवायचीस. आणि पुढच्या नवमीला वाटीत पुन्हा तेल.

गल्लीत त्याला कोणी जीन म्हणत नाही. "कुदिरै" म्हणतात, घोडा. नवमीला इकडे आयुधपूजा, म्हणजे खरी पूजा गाड्यांची. सायकलीपासून लॉरीपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. पण कोपऱ्यावरचा सेंदिल, त्याचा तो निळा टेम्पो, आधी तुझ्या दारात यायचा. जिनाला हात लावून तो हात डोळ्यांना लावायचा, एक लिंबू जिनापुढे ठेवायचा, आणि मग टेम्पोकडे जायचा. "पहिली गाडी ही," असं त्याचं म्हणणं. त्याचं पाहून रिक्षावाले आले, पिठाच्या गिरणीवाला आला. पणजोबांच्या वसुलीच्या जिनाचा देव झाला तो असा. आणि देव झालेल्या वस्तूला ब्रश लावू द्यायला तू तयार नव्हतीस. उचलूही द्यायची नाहीस. पाटावरून पेटीत आणि पेटीतून पाटावर, तुझ्याच हातांनी.

डब्याची गोष्ट तर तुला आठवतच असेल. चेन्नईच्या एका चामड्याच्या व्यापाऱ्याकडून मी तो मागवला होता. तू चष्मा लावून त्यावरचं लेबल निरखत होतीस, कामाला येणारी सेल्वी मागे झाडत होती.

"हें कशाचें?"

"चामड्याचं तेल. जगभर जिनाला हेच लावतात."

"कशास लावतात तें नाही विचारलें. कशाचें?"

खोटं बोलायला हवं होतं, पण ते मला तुझ्यासमोर कधी जमलं नाही. "गाईच्या पायांच्या हाडांचं," मी म्हणालो.

तू डबा खाली ठेवलास. आवाज न करता ठेवलास, तेव्हाच मी ओळखलं. "गाईच्या पायांचें. नवमीस. देवापुढें."

"अक्का, ते जीन मुळात गाईचंच कातडं आहे."

"होतें. इतक्या नवम्या झाल्या त्यास. आतां तें गाय नव्हे."

"म्हणजे कातडं सोवळ्यात आणि तेल ओवळ्यात?"

"तुज पटत नसेल तर नको पटूं. डबा उचल. सेल्वी शिवायची नाही, मी शिवायची नाही."

मी उचलला नाही. हट्टाने पडवीतच ठेवून गेलो. पुढच्या वेळी आलो तेव्हा तो तिथे नव्हता. "काय केलंस?" "गेला." "कुठे गेला?" "जिथें जायचा तिथें." मग तू कॉफी ठेवायला गेलीस.

त्यानंतर किती वर्षं आपण तेच बोलत आलो! माझा मुद्दा असायचा, एक वर्ष, फक्त एक वर्ष, याला काही लावू नकोस. कोरडं होऊ दे, मला साफ करू दे, मग पुढे तुझं तू बघ. आणि तू एकदा, पोळीचं पीठ मळता मळता, अगदी सहज म्हणालीस, "मी असतांना एक नवमी चुकायची नाही. मी गेलें की तुज एक वर्ष मिळेल. तेव्हां घास काय घासायचें तें."

मी हसलो होतो.

श्रावणात तू गेलीस. ते सगळं लिहीत नाही. तुझा माधव बंगळूरहून आला, दिवसकार्य नीट केलं. तुला आवडलं असतं इतकं नीट केलं. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "मामा, यंदा कोलू नाही, नवमी नाही. वर्षभर या घरात काही सण नाही." त्याचे डोळे लाल होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? जीन. एक वर्ष मिळालं. हा विचार मला नको होता, पण तो आला, कारण तो तूच तिथे ठेवून गेली होतीस. अशा रीतीने मला ते वर्ष द्यायची काही गरज नव्हती, अक्का. मी आणखी दहा वर्षं हरलो असतो.

असो. मी कामाला लागलो. पुस्तकांत सांगितलं आहे तसं.

आधी मऊ ब्रशने धूळ. मग बांबूची कामटी घासून तिची बोथट पट्टी केली आणि त्या पट्टीने खपली काढायला बसलो. तुला कल्पना नाही तिथे काय साठलं होतं. कुंकू, हळद, चंदन, तेल, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा हळद. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं. सकाळभर खरवडलं की तळहाताएवढी जागा मोकळी व्हायची, आणि नखांत हळद जायची, ती दुपारी जेवताना भातात दिसायची. मग ग्लिसरीनचा साबण, स्पंज, तोही ओला नाही, नुसता दमट. पुसलं की स्पंज पिवळा. पुन्हा पुसलं, पुन्हा पिवळा. बुरशीवर स्पिरिट. उन्हात ठेवायचं नाही, पंख्याखाली ठेवायचं नाही, वाट बघायची. वाट बघायला मी कंटाळत नाही, माझा सगळा जन्म शांतता राखा या पाटीखाली गेला आहे; पण इथे बसून वाट बघताना आतून तुझ्या भांड्यांचा आवाज येत नाही, हे मला सहन होत नाही.

रिकिबी सोप्या निघाल्या, लोखंडच ते. गंज घासला की गेला. घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या तंगाच्या पट्ट्यांची शिवण कुजली होती, मी म्हणालो होतो तशी. जाड दोरा इथे मिळेना, म्हणून टाऊन बसने दारासुरमला गेलो आणि एका विणकऱ्याकडून रेशमाचा न रंगवलेला पीळ मागितला.

"साडी कोणासाठी?" त्याने विचारलं.

"घोड्यासाठी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती वारी नेसतो?"

तू असतीस तर ही गोष्ट तुला सांगायला मी धावत आलो असतो. बसमधून उतरलो, तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच वेगाने चालत आलो, आणि मग आठवलं. रेशमाला मेण लावत पडवीत बसलो. पट्टे शिवले. वाईट नाही जमले.

मग बैठकीवर आलो आणि तिथे सगळं फसलं. बैठकीवरची खपली सर्वांत जाड; नवमीचं पहिलं गंध तिथेच लागायचं. पट्टी खाली घातली, हलकेच उचलली, तर खपलीबरोबर चामड्याची वरची कातही निघून आली. खाली उन्हाळ्यातल्या कावेरीच्या पात्रासारख्या भेगा. मी हात काढून घेतला. पुस्तक उघडलं. त्यात सरळ लिहिलेलं होतं की चामडं फार भेगाळलेलं असेल तर कधी कधी हा थरच त्याला धरून ठेवत असतो, तेव्हा तो काढू नये. हे वाक्य मी पूर्वीही वाचलं होतं. तेव्हा ते तुझ्या बाजूचं वाटलं म्हणून पुढे गेलो होतो.

तुझ्या तेलानेच ते भेगाळलं आणि तुझ्याच तेलाने ते धरून ठेवलं. आता सांग, याच्यावर माणसाने वाद तरी कसा घालायचा?

त्या दिवशी मी ते टाकून द्यायला निघालो होतो. म्हणजे खरंच, माधवला फोन लावायला मोबाइल काढला होता. पण टाकायच्या आधी आतली लोकर कुजली आहे का एवढं पाहावं, म्हणून जीन पहिल्यांदाच पालथं केलं. तुझ्या हयातीत त्याची खालची बाजू मी कधी पाहिली नव्हती.

अक्का, खालचं चामडं मऊ होतं.

मला आधी वाटलं हाताचा भास. पदराची आतली बाजू दुमडून पाहिली. ती न कुरकुरता दुमडली. आतले पट्टे तपकिरी, एकसारखे, कुठे भेग नाही, बुरशीचा ठिपका नाही, हळदीचा डाग नाही. वाकून वास घेतला. तो वास मी ओळखतो. चेन्नईहून आलेला डबा मी स्वतः उघडला होता आणि दोन दिवस माझ्या खोलीतून तो वास गेला नव्हता. आणि हे एकदा लावून होत नाही. वर्षानुवर्षं, थोडं थोडं, पुसून घेऊन, जिरवून, पुन्हा लावून होतं.

सेल्वी झाडू घेऊन आली. अजूनही येते, कोणी सांगितलेलं नाही, तरी येते. पालथं जीन पाहून ती दारातच थांबली.

"अय्या, उलटं कशाला केलंत?"

"सेल्वी, याला खालून कोणी काय लावलं?"

तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. अक्का, तू आतून ऐकत असशील म्हणून पाहिलं. "अम्मांनी सांगू नको म्हटलं होतं."

"आता सांग."

"मधल्याच कुठल्या तरी वारी. मंगळवार नाही, शुक्रवार नाही. अंघोळीच्या आधी, जुनं लुगडं नेसून. मला पुढचं दार लावून घ्यायला सांगायच्या. मी म्हणायचे मी लावते, तर नाही. 'तूं शिवूं नको.' स्वतःच्या हाताने. मग पुन्हा डोक्यावरून अंघोळ."

"डबा तर तिने टाकला होता."

"टाकला कुठे? न्हाणीघराच्या माळ्यावर आहे. संपला की दुसरा मागवायच्या."

मी त्या बाकावर बसलो. "मला का नाही सांगितलं?"

सेल्वी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मी पण विचारलं होतं, अय्या. म्हणाल्या, 'माझ्या तंबीला, धाकट्या भावाला, कळलं तर तो जिंकला. जिंकला की घरी पुस्तक उघडून बसेल. मग इकडे कशाला येतोय?'"

"आणि वरून? वरून का नाही लावलं तेच तेल? वरची बाजू तर मेली!"

"वर कसं लावतील? वर गल्ली हात लावते. तो हात लोक डोळ्यांना लावतात." तिने झाडू खांबाला टेकवला. "म्हणायच्या, शिवल्याचं काय ते माझ्या हातावर राहू दे. त्यांच्या डोळ्यांना कशाला?"

मी तेव्हापासून रागातच आहे, आणि हा राग ठेवायला जागा नाही. तू माझं ऐकलंस आणि मला कळू दिलं नाहीस. म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी, मी बुरशीवर व्याख्यान देत होतो आणि तू मान हलवत होतीस, तेव्हा तुला हे सगळं माझ्याइतकंच माहीत होतं? चामड्याला किती लावायचं, कधी पुसायचं, मीच तुला वाचून दाखवलेलं. तू विद्यार्थिनीसारखं ऐकत होतीस आणि मी समजत होतो की भिंतीशी बोलतो आहे. आणि सोवळ्याबद्दल मी तुला जे काही बोललो ते तू ऐकून घेतलंस, सकाळीच त्या तेलातून हात काढून पुन्हा न्हाऊन आलेली तू. एक शब्द बोलली असतीस तर! अर्धं जीन तू माझ्या म्हणण्याप्रमाणे राखलंस आणि अर्धं लोकांच्या डोळ्यांसाठी जाऊ दिलंस. हा काय निवाडा झाला? बाबांना हेच अपेक्षित होतं का? कांचेच्या पेटीत ठेवलं असतं तर ते अख्खं राहिलं असतं. पण मग गल्लीतला कोणी त्याला हात लावायला आला नसता, हेही मला दिसतं, आणि ते दिसतं म्हणून मी आणखी चिडतो.

आणि तो शेवटचा मुद्दा. जिंकलो असतो तर आलो नसतो, हे तुला कोणी सांगितलं? आलो असतो. म्हणजे, आलो असतो असं मला वाटतं. हे आता सिद्ध करता येत नाही, आणि तुला माझ्याबद्दल असं काही वाटत होतं हे मला सेल्वीच्या तोंडून कळावं, याला काय म्हणू?

आज नवमी होती.

मी यायचं नाही असं ठरवलं होतं. पण शिवणीचं एक टोक बांधायचं राहिलं होतं, म्हणून आलो. गल्लीत सगळ्या गाड्या धुतलेल्या, माळा घातलेल्या. कुठूनसा उकडलेल्या हरभऱ्याच्या फोडणीचा वास. तुझ्या दारापुढे रांगोळी नाही. मी पुढचं दार ओढून घेतलं तरी कडी वाजलीच. सेंदिल. नवा शर्ट, कपाळाला विभूती, हातात पिशवी.

"सार्, कुदिरै?"

"यंदा नाही, सेंदिल. सुतकाचं वर्ष आहे. सण नाही."

"माहीत आहे, सार्. मी अम्मांना खांदा दिलाय."

"मग?"

"सुतक तुम्हाला. माधव सारना. जिनाला कसलं सुतक?" त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "ते काय अम्मांचं नातेवाईक आहे? असेल तर तसं सांगा, मी जातो."

तुझ्याकडे याला उत्तर असतं. शास्त्रात नसलेलं, पण ऐकणाऱ्याला पटलं पाहिजे असं काही तरी तू तिथल्या तिथे सांगितलं असतंस. मी बाजूला झालो आणि त्याला मागे घेऊन गेलो.

बाकावरचं जीन पाहून तो उभाच राहिला. हळद नाही, कुंकू नाही, बैठक सोललेली.

"अय्यो. याला मारलं कोणी?"

"मी साफ करतोय."

"साफ?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या टेम्पोचं इंजिन काढून धुतलं होतं. "सार्, हे आजारी दिसतंय."

त्याने पिशवीतून कुंकवाची पुडी काढली. बोट ओलं करणार होता, ते माझ्याकडे पाहून थांबवलं, आणि कोरड्याच कुंकवाची पुढच्या उंचवट्यावर, जिथे तू लावायचीस तिथेच, एक टिकली लावली. हात लावला. डोळ्यांना लावला. एक लिंबू बैठकीच्या भेगांवर अलगद ठेवलं. मग सवयीने इकडेतिकडे पाहू लागला.

"तेल?"

"यंदा नाही."

"पुढच्या वर्षी?"

"अजून ठरलेलं नाही. अक्काशी भांडण चालू आहे."

मला वाटलं हसेल. हसला नाही. गंभीरपणे मान हलवून म्हणाला, "सरी, सार्. मग तुम्ही भांडा. माझा टेम्पो उभा आहे." आणि गेला. थोड्या वेळाने त्याच्या चाकांखाली लिंबं फुटल्याचा आवाज आला.

पुढच्या वर्षी काय करायचं ते मला खरंच माहीत नाही. बैठकीवर आता तुझं तेल चालणार नाही आणि माझंही चालणार नाही. ती तशीच राहील, जेवढी राहील तेवढी. तिच्यावर गल्लीने कोरडं कुंकू लावावं. खालच्या बाजूचा प्रश्न मात्र निराळा आहे. तिचं वर्ष चुकवून चालणार नाही, हे मीच तुला वाचून दाखवलं होतं.

म्हणून माळ्यावरचा डबा काढला. निम्मा शिल्लक होता. जीन पालथं केलं. पुस्तकात कापसाचा बोळा सांगितला आहे, पण मी हाताने लावलं. तळव्याने, पदरांच्या आतून, पट्ट्यांवरून, थोडं थोडं. दार लावून घेतलं होतं. का लावलं, ते विचारू नकोस. जास्तीचं पुसून काढलं, आणि तुझ्या न्हाणीघरात जाऊन पुन्हा अंघोळ केली. सोवळ्यासाठी नाही. वासासाठी.

पण तो वास जाईना. साबण लावला, तुझी शिकेकाई राहिली होती ती लावली, डाळीचं पीठ लावलं. बोटं नाकाशी नेली की तेच. या हातांनी कोणासमोर कॉफीचा डबरा ठेवणं शक्य नव्हतं. समोरच्याने लगेच ओळखलं असतं.

पडवीत येऊन बसलो. जीन सुलटं करून ठेवताना सेंदिलचं लिंबू घरंगळून माझ्या पायाशी आलं होतं. उचललं. तुझ्या विळीवर कापलं आणि दोन्ही तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली चोळलं. मग हात धुतले आणि वास घेतला. नुसतं लिंबू.

लोणचं म्हणे. बारा महिने लोणचं!